केऑसवर बोलायचं आहे, पण कुठल्या केऑसवर?

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या लिहितात: ‘आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात “केऑस: पुराणकथा, अध्यात्म आणि विज्ञान” या विषयावर मला पाऊण तास बोलायचं आहे. मी मराठी आणि संस्कृत शिकवलं. गणित शाळेनंतर सुटलं. वाचायला बसले तर दर ठिकाणी वेगळाच अर्थ. एका लेखात तर ऋग्वेदातलं नासदीय सूक्त म्हणजेच केऑस थिअरी असं ठासून लिहिलंय. इंजिनिअर भाचा म्हणतो, मावशी, असलं काही बोलू नकोस. आणखी एक. मंडळातल्या एका बाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेले. निघताना यांनी त्यांना चहासाठी पाच मिनिटं थांबवलं होतं. एका फुलपाखराच्या फडफडीने दूर कुठे वादळ उठतं, ही फुलपाखराची गोष्ट ऐकल्यापासून त्या म्हणतात, ती पाच मिनिटं म्हणजेच माझं फुलपाखरू. त्यांना काय सांगू?’

ताई, सप्रेम नमस्कार.

भाच्याचं ऐका, पण अर्धंच. नासदीय सूक्त म्हणजे केऑस थिअरी नव्हे, इथवर तो बरोबर आहे. म्हणून सूक्त व्याख्यानातून वगळायचं मात्र काही कारण नाही. तुमची खरी अडचण अशी की एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरं येऊन बसली आहेत. पुराणकथेचा प्रश्न: आकार येण्याआधी काय होतं? अध्यात्माचा प्रश्न: सगळे भेद मावळल्यावर काय उरतं, आणि मन विस्कटतं तेव्हा नेमकं काय होतं? विज्ञानाचा प्रश्न: नियम पक्का माहीत असूनही पुढचं का सांगता येत नाही? पहिल्या दोघांचं आपसांत नातं आहे. तिसरा जवळजवळ उलट्या टोकाला उभा आहे. पुराणातल्या केऑसमध्ये नियम अजून जन्मालाच आलेला नसतो. विज्ञानातला केऑस नियमाशिवाय संभवतच नाही. पाऊण तासात श्रोत्यांना एवढी गोष्ट पक्की कळली तरी व्याख्यान सार्थकी लागलं म्हणायचं.

वेळ अशी वाटून घ्या: ग्रीक आणि बाबिलोनी कथांना ८ मिनिटं, वेद आणि सांख्य तत्त्वज्ञानाला १२, मनाच्या भागाला ५, विज्ञानाला प्रयोगासकट १५ आणि प्रश्नांना ५. अशा व्याख्यानांत बहुतेक वेळा कथाच लांबतात आणि विज्ञान शेवटच्या पाच मिनिटांत उरकावं लागतं. मग घाईत माणूस फुलपाखराची गोष्ट सांगून मोकळा होतो, आणि नेमका तिथेच गैरसमज रुजतो.

सुरुवात हेसिओडपासून करा. इसवी सन पूर्व ७००च्या सुमारास त्याने ‘थिओगनी’ हे देवांच्या वंशावळीचं काव्य रचलं. त्यात सगळ्यांत आधी केऑस ‘झाला’ असं येतं. तो ढीग नाही, पसाराही नाही. ती आ वासलेली पोकळी आहे. मग गाया म्हणजे पृथ्वी, तिच्या तळाशी अंधारा टार्टारस, आणि एरॉस म्हणजे काम. केऑसमधून एरेबस हा काळोख आणि निक्स ही रात्र. त्या दोघांपासून पुढे प्रकाश आणि दिवस. या आरंभात झुंज नाही. मग आपल्या डोळ्यांपुढे येणारी आदळआपट कुठून आली? ती आली ओव्हिडकडून, सात शतकांनी. इसवी सन ८च्या सुमारास या रोमन कवीने ‘मेटॅमॉर्फोसिस’च्या आरंभी केऑस म्हणजे एक कच्चा, न रचलेला ढीग असं वर्णन केलं: थंड गरमाशी, ओलं कोरड्याशी, जड हलक्याशी झगडतंय. ‘ग्रीक लोक जगाच्या आधी गोंधळ मानत’ हे सर्रास लिहिलं जाणारं वाक्य हेसिओडला लागू पडत नाही, म्हणून दोघांची नावं वेगवेगळी घ्या.

बाबिलोनच्या ‘एनूमा एलिश’ या सात मृत्तिकापट्टांवरच्या काव्यात आरंभी दोन पाणी आहेत: अप्सू हे गोडं आणि तिआमत हे खारं, एकमेकांत मिसळलेली. त्यातून देव जन्मतात, त्यांचा कालवा वाढतो, आणि शेवटी त्यांच्यातला मर्दुक तिआमतशी लढून तिला सुकवलेल्या माशासारखी उभी चिरतो. एका अर्ध्याचं आकाश होतं. हे काव्य नववर्षाच्या अकितू उत्सवात चौथ्या दिवशी म्हटलं जाई. व्यवस्था लढून मिळवायची आणि दर वर्षी पुन्हा आठवायची, असा हा विचार आहे. याला तीन मिनिटांवर वेळ देऊ नका.

आता नासदीय सूक्त. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त, सातच ऋचा. तुमचं संस्कृत इथे कामी येईल, तेव्हा सारांश सांगण्यापेक्षा पहिली, तिसरी, चौथी आणि सातवी ऋचा सावकाश म्हणा आणि प्रत्येकीपाशी थांबा. पहिली ऋचा म्हणते, ‘नासदासीन्नो सदासीत्तदानीम्’. म्हणजे असत् नव्हतं, तसंच सत्‌ही नव्हतं. ज्याला आपण केऑस म्हणतो ते काहीतरी ‘असतं’. इथे ऋषी त्या ‘असण्या’वरच बोट ठेवतो आहे. केऑसच्या सगळ्यांत जवळ जाते ती तिसरी: ‘तम आसीत्तमसा गूळ्हमग्रेऽप्रकेतं सलिलं सर्वमा इदम्’. अंधाराने झाकलेला अंधार, आणि ज्यावर ओळखीची एकही खूण नाही असं पाणी. ‘अप्रकेतं’ या शब्दावर जोर द्या. अडचण पाणी खवळल्याची नाही, त्यात हे-ते वेगळं करता येत नाही ही आहे. चौथ्या ऋचेत काम येतो, मनाचं पहिलं बीज म्हणून: ‘कामस्तदग्रे समवर्तताधि’. हेसिओडचा एरॉस आणि हा काम शेजारी ठेवले तर एक खरं साम्य दिसतं; दोन्हीकडे आरंभीच्या चार गोष्टींतच ओढ आहे. असं साम्य जरूर दाखवा, ते मजकुरात आहे. सातव्या ऋचेत सूक्त ‘सो अङ्ग वेद यदि वा न वेद’ म्हणून थांबतं: वरच्या व्योमातला जो अध्यक्ष आहे त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल.

यातून ‘ऋषींना केऑस थिअरी ठाऊक होती’ असा निष्कर्ष काढला की सूक्ताचंच नुकसान होतं. जो कवी ‘को अद्धा वेद’, म्हणजे खरोखर कोणाला माहीत आहे, असं विचारून प्रश्न उघडा ठेवतो, त्याच्या तोंडी आपण विसाव्या शतकातलं तयार उत्तर कोंबतो. शिवाय सूक्तात प्रारंभीच्या स्थितीतला फरक, त्याची वाढ, अंदाजाची मर्यादा यांपैकी काहीच नाही. कोणी श्रोत्याने हा मुद्दा काढलाच तर वाद न घालता विचारा: कोणत्या ऋचेत? आणि तिथे बसून ती ऋचा सगळ्यांनी मिळून वाचा.

‘आपल्याकडे असं मानतात’ हे एकवचनही टाळा. आपल्याकडे यावर मतभेद झाले आहेत आणि ते मोठे रंगतदार आहेत. दहाव्या मंडलातलंच ७२वं सूक्त म्हणतं, ‘असतः सदजायत’, असत्‌पासून सत् झालं. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणि हे मत मांडून आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, विचारतो, ‘कथमसतः सज्जायेत’, असत्‌पासून सत् होईलच कसं? त्याच्या मते आरंभी सत्‌च होतं, एकच, दुसरं काही नसलेलं. तिसरा आवाज ऋग्वेदाच्या त्याच मंडलातल्या १९०व्या सूक्ताचा, जे कित्येक घरांत संध्येत अघमर्षण म्हणून रोज म्हटलं जातं: ‘ऋतं च सत्यं चाभीद्धात्तपसोऽध्यजायत । ततो रात्र्यजायत ततः समुद्रो अर्णवः’. क्रम बघा. आधी ऋत, म्हणजे विश्वाची व्यवस्था, आणि सत्य, मग रात्र, मग उसळता समुद्र. बाबिलोनमध्ये समुद्र आधी आणि व्यवस्था नंतर. इथे व्यवस्था आधी आणि समुद्र नंतर. तुमच्या श्रोत्यांपैकी काहींनी हे शब्द शेकडो वेळा म्हटले असतील आणि क्रमाकडे कधी लक्ष गेलं नसेल. या जागी दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

सांख्याचं चित्र आणखी निराळं. तिथे मूळ प्रकृती म्हणजे सत्त्व, रज आणि तम यांची साम्यावस्था. तीन गुण आहेत, पण कोणाचंच पारडं खाली गेलेलं नाही, म्हणून काहीच घडत नाही. हे साम्य ढळलं, क्षोभ झाला, की महत् म्हणजे बुद्धी, अहंकार असं एकेक तत्त्व प्रकट होऊ लागतं. म्हणजे इथे आरंभी गोंधळ नसून पूर्ण शांतता आहे, आणि सृष्टी हाच त्या शांततेचा भंग. ‘दासबोधा’त समर्थ ‘गुणक्षोभिणी’ म्हणतात ती याच विचारातली. तुमच्या मंडळात दासबोधाचं वाचन होत असेल तर श्रोते हा दुवा लगेच पकडतील. प्रलयही याच नजरेने समजवा: गीतेच्या आठव्या अध्यायात ब्रह्मदेवाचा दिवस उगवला की अव्यक्तातून व्यक्त होतं आणि रात्र झाली की त्यातच लीन होतं. मोडतोड होऊन ढिगारा उरतो असं तिथे कुठेही नाही. समुद्रमंथन मात्र या भागात घेऊ नका, कोणीतरी नक्की विचारेल तरीही. मंथनाच्या वेळी देव, दानव, पर्वत, वासुकी सगळे आधीच हजर असतात. ती आरंभाची कथा नव्हे.

अध्यात्माच्या भागात एक चिनी कथा सांगा, ती ऐकणाऱ्याला सोडत नाही. इसवी सन पूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या ‘च्वांग त्झु’ या ताओवादी ग्रंथाच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी ती आहे. दक्षिण समुद्राचा राजा शू आणि उत्तर समुद्राचा राजा हू मधल्या प्रदेशाच्या राजाकडे, हुंदुनकडे, वरचेवर येत. तो त्यांचं मनापासून आतिथ्य करी. परतफेड म्हणून दोघांनी ठरवलं: माणसाला बघायला, ऐकायला, खायला, श्वास घ्यायला सात छिद्रं असतात, याला एकही नाही, आपण पाडून देऊ. रोज एक छिद्र पाडलं. सातव्या दिवशी हुंदुन मेला. हुंदुन म्हणजे अभिन्न, न विभागलेली आदिस्थिती. मर्दुकची कथा आणि ही कथा एकापाठोपाठ सांगितल्या की दुसरं काही समजवावं लागत नाही: एकीत चिरणं हा पराक्रम, दुसरीत छिद्र पाडणं हा घात.

मनाच्या विस्कटण्याबद्दल बोलताना ‘केऑस’ शब्दच वापरू नका, कारण आपल्याकडे त्याहून नेमके शब्द आहेत. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. क्षिप्त मन सतत इकडून तिकडे फेकलं जातं. मूढ मन जड, झाकोळलेलं असतं. विक्षिप्त मन बहुतेक वेळ भरकटतं पण मधूनमधून स्थिरावतं. लोक तिन्हींना सरसकट ‘मनात गोंधळ आहे’ म्हणतात, आणि तिन्हींवर उपाय एकच असेल असं समजतात. बौद्धांची शून्यताही केऑसच्या रांगेत बसवू नका. नागार्जुनाची शून्यता म्हणजे कोणतीही वस्तू स्वतःच्या बळावर, इतरांवाचून उभी नाही एवढंच. तिच्यात अव्यवस्था अभिप्रेत नाही.

आता विज्ञान. गणित सुटलं म्हणून घाबरू नका. बेरीज-वजाबाकी-गुणाकार येणाऱ्या कोणालाही केऑस हाताने करून दाखवता येतो आणि तो दाखवायलाच हवा. एक फळा, तीन कॅल्क्युलेटर आणि तीन स्वयंसेवक एवढंच लागतं. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर चालेल.

नियम असा. ० ते १ मधला एक आकडा घ्या. तो १ मधून वजा करा. मूळ आकडा आणि ही वजाबाकी यांचा गुणाकार करा. त्याला ४ ने गुणा. जे उत्तर येईल तो पुढच्या पायरीचा आकडा; त्याच्यावर पुन्हा तेच. ०.३ पासून निघालं तर ०.३ × ०.७ × ४ म्हणजे ०.८४. मग ०.८४ × ०.१६ × ४ म्हणजे ०.५३७६. पहिल्या बाईंना ०.३ द्या, दुसऱ्यांना ०.३०१. दोघींनी दहा पायऱ्या करायच्या, आणि तुम्ही फळ्यावर तीन दशांश स्थळांपर्यंत लिहायचं. पहिल्या पायरीला ०.८४० आणि ०.८४२. तिसरीला ०.९९४ आणि ०.९९६, अजून जुळ्या बहिणीच. पाचवीला ०.०८८ आणि ०.०६९. सातवीला ०.८७२ आणि ०.७६५. आठवीला ०.४४८ आणि ०.७१९. दहावीला ०.०४३ आणि ०.६२०. नियम एकच, नशिबाचा भाग शून्य, कोणी चुकलंही नाही, तरी दहाव्या पायरीला दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही.

तिसऱ्या बाईंना ०.३ पासूनच सुरू करू द्या, पण तिसऱ्या पायरीला आलेल्या ०.९९४३४४९६ ऐवजी नुसतं ०.९९४ धरून पुढे जायला सांगा. त्यांची दहावी पायरी येईल ०.२३० च्या जवळ. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांच्या हातून नेमकं हेच झालं. संगणकाच्या पोटात आकडा ०.५०६१२७ होता, छापील कागदावर ०.५०६. कागदावरचा आकडा घालून त्यांनी हवामानाचं गणित मधूनच पुन्हा चालवलं आणि थोड्याच वेळात नवं हवामान जुन्याशी जुळेनासं झालं. त्यावरचा त्यांचा मुख्य लेख १९६३चा. त्यातल्या संगणकीय कामासाठी त्यांनी एलेन फेटर यांचे आभार मानले आहेत, आणि त्याआधी त्यांच्याकडे मार्गारेट हॅमिल्टन काम करत होत्या, ज्यांनी पुढे अपोलो यानांच्या सॉफ्टवेअरचं काम सांभाळलं. तुमच्या मंडळात ही दोन नावं आवर्जून घ्या. मुळाशी जायचं तर १८९० साली आंरी प्वांकारे यांच्या हाती तीन खगोलीय गोलांच्या गणितात हे प्रकरण आलं होतं, पण संगणक नसल्यामुळे डोळ्यांना दिसलं नव्हतं.

प्रयोग कुठे फसतो ते आधी समजून घ्या. सर्वांत मोठा धोका म्हणजे मधेच पूर्णांकन करणं. पहिल्या दोघींनी कॅल्क्युलेटरवर दिसतील तेवढे, निदान आठ दशांश आकडे पुढच्या पायरीत न्यायला हवेत. नाहीतर वरचे आकडे जुळणार नाहीत आणि गडबड कुठे झाली ते सापडणार नाही. ०.५ पासून सुरू करू नका: पुढे १ आणि मग कायमचा ० येतो. ०.७५ जिथल्या तिथे राहतो, कारण ०.७५ × ०.२५ × ४ पुन्हा ०.७५ च, आणि ०.२५ पहिल्याच पायरीला तिथे जाऊन अडकतो. एकापेक्षा मोठा आकडा घेतला तर उत्तरं ऋण होऊन पळत सुटतात. भाचा एक्सेलमध्ये करून दाखवणार असेल तर त्याला ‘४ × आकडा × (१ − आकडा)’ आणि ‘४ × आकडा − ४ × आकडा × आकडा’ असे दोन स्तंभ करायला सांगा. शाळेच्या गणिताप्रमाणे दोन्ही एकच. पन्नासेक ओळींनंतर ते फुटतात, कारण एक्सेल सुमारे पंधरा अंकच धरतं आणि शेवटच्या अंकातली काटछाट दोन्हीकडे वेगळी होते. साठाव्या ओळीतला आकडा नियमातून आलेला दिसतो, पण ०.३ पासून निघालेल्या खऱ्या मार्गाशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

यातलं मर्म एका हिशेबात आहे. या नियमात फरक सरासरीने दर पायरीला दुप्पट होतो. दहा वेळा दुप्पट म्हणजे १०२४ पट. म्हणून सुरुवातीचा आकडा हजारपट अचूक केला, ०.३०१ ऐवजी ०.३००००१ घेतला, तर फायदा किती? साधारण दहाच पायऱ्यांचा. कष्ट हजारपट, कमाई दहा पायऱ्या. हवामानाचं असंच आहे: निरीक्षणं कितीही सुधारली तरी रोजच्या हवामानाचा तपशीलवार अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे जात नाही. म्हणूनच आता एकच अंदाज न काढता आरंभीची स्थिती जराजरा बदलून अनेक काढतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने आणि हवामान खात्याने २०१८ पासून १२ किलोमीटरच्या जाळीवर २१ अंदाजांचा असा संच वापरात आणला. २१ पैकी बहुतेक अंदाज कोकणात पाऊस दाखवत असतील तर भरवसा जास्त. निम्मे इकडे, निम्मे तिकडे गेले तर कमी. बातमीत ‘शक्यता’ म्हणतात त्याच्यामागे हा हिशेब असतो.

श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येईल: पंचांगात ग्रहण मिनिटासकट देतात, मग उद्याचा पाऊस का सांगता येत नाही? उत्तर सुंदर आहे. ग्रहमालाही केऑटिकच आहे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कर यांनी १९८९ साली दाखवलं की ग्रहांच्या स्थितीतली चूक सुमारे ५० लाख वर्षांत पावणेतीन पटीने वाढते. पंचांगाला शंभर-दोनशे वर्षं पुढचं हवं असतं, तेवढ्यात ती चूक जाणवतही नाही. हवेत तीच वाढ काही दिवसांत होते. म्हणून एखादी गोष्ट केऑटिक आहे का, एवढं विचारून भागत नाही. किती काळात, ते विचारायला हवं. आणि उलटही: रोजचा पाऊस सांगता येत नाही म्हणून पावसाळ्याबद्दल काहीच सांगता येत नाही असं नाही. समुद्राच्या पृष्ठाचं तापमान सावकाश बदलतं आणि त्याचा मोसमी पावसावरचा परिणाम ओळखता येतो, हे ज्युल चार्नी आणि जगदीश शुक्ला या हवामानशास्त्रज्ञांनी १९८१ साली मांडलं.

व्याख्या द्यायचीच तर चार अटी सांगा: नियम ठाम, अगदी लहान फरकाची भराभर वाढ, तरी सगळं एका मर्यादेच्या आत, आणि तोच क्रम पुन्हा कधी नाही. तिसरी अट लोक विसरतात. चक्रवाढ व्याजातही दोन मुद्दलांतला फरक वाढत जातो, पण तो केऑस नव्हे, कारण आकडे फक्त वर चढत जातात, मागे वळत नाहीत. आपल्या प्रयोगात ४ च्या जागी २.८ घालून बघा: दोन्ही आकडे वर-खाली होत ०.६४३ पाशी येऊन स्थिरावतात, फरक मिटतो. ३.२ घातला तर ०.५१३ आणि ०.७९९ आलटून पालटून. ३.५७ च्या पुढे केऑस सुरू होतो, आणि त्याच्या आतच ३.८३ ला तीन आकड्यांचं शिस्तबद्ध चक्र पुन्हा उगवतं. जीवशास्त्रात प्राण्यांच्या संख्येसाठी हाच नियम वापरून रॉबर्ट मे यांनी १९७६ साली हे सगळं मांडलं. एवढ्या साध्या गुणाकारात एवढं भरलेलं असतं, हे बघून शाळेत गणिताला घाबरलेल्या बायकाही पुढे येऊन आकडे घालून बघतील.

एन्ट्रॉपी (ऊर्जा विखुरत जाण्याचं माप) म्हणजे केऑस नव्हे, क्वांटम अनिश्चितता (अणूंच्या पातळीवरची मूलभूत अनिश्चितता) म्हणजेही नव्हे. दोन्ही शब्द टाळा. केऑसमुळे माणसाला इच्छास्वातंत्र्य मिळालं असंही म्हणू नका, कारण नियम तर ठामच असतो. आणि फुलपाखराचा परिणाम म्हणजे कर्मसिद्धांत, हे तर अजिबात नको. कर्माचं फळ कर्त्याकडे परत येतं आणि ते कर्माच्या बऱ्या-वाईटपणाला धरून असतं. फुलपाखराच्या फडफडीला पाप-पुण्य नाही, परिणाम प्रमाणात नाही, आणि तो फुलपाखराकडे परतत नाही.

त्या बाईंकडे आता येऊ. लॉरेंझ यांच्या १९७२च्या भाषणाचं नाव एक प्रश्न होता: ब्राझीलमधल्या फुलपाखराच्या पंखांमुळे टेक्सासमध्ये टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ, उठतं का? त्या भाषणातच त्यांनी म्हटलं होतं की एक फडफड वादळ उठवू शकत असेल तर तेवढीच ते टाळूही शकते, आणि तिच्यासारख्या असंख्य फडफडी त्याच क्षणी चालू असतात. लोकांपर्यंत गोष्टीचा पहिला अर्धाच पोचला.

‘त्या पाच मिनिटांनी काही फरक पडला नाही’ असं त्यांना सांगू नका. ते खरं नाही आणि त्यांना ते पटणारही नाही. पाच मिनिटं आधी निघाले असते तर कदाचित वेगळं घडलं असतं. पण समोरच्या गाडीचा चालक वाटेत कुठे थांबला नसता, एखाद्या सिग्नलला दहा सेकंद कमी लागली असती, सकाळी कोणाचा फोन आला असता, तरीही वेगळं घडलं असतं. आपल्या प्रयोगात दहावा आकडा बदलायला सुरुवातच बदलावी लागत नाही. तिसरी पायरी बदलली तरी पुरतं, चौथी बदलली तरी पुरतं. मग त्यांतल्या एकीलाच ‘कारण’ का म्हणायचं? चहाची पायरी त्यांना दिसते, कारण तेवढी एकच त्यांच्या हातात होती. आणि इतक्या वर्षांच्या संसारात असा चहा त्यांनी कितीतरी वेळा दिला असेल. त्यातला एखादा चहा त्यांच्या यजमानांना कुठल्या अपघातापासून दूर ठेवून गेला असेल, तर त्याची नोंद कुठेच नाही.

दोष द्यायचा तर पुढचं दिसत असायला हवं. केऑसचं सगळं शास्त्र सांगतं ते हेच की अशा ठिकाणी पुढचं कोणालाच दिसत नाही, जगातल्या सर्वांत मोठ्या संगणकालाही नाही. ही गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. त्यांनी ऐकलेल्या गोष्टीने ती त्यांच्याविरुद्ध फिरवली. एवढं त्यांना शांतपणे, घरी जाऊन, चौघींच्या देखत नव्हे, सांगा. एका भेटीत पटेल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन वर्षांनंतरही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तोच विचार दिवसभर फिरत असेल तर त्याला डॉक्टरांची मदत लागते. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. तिथे चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं. पहिला फोन त्यांच्याजवळ बसून तुम्ही लावून दिलात तर सोपं जाईल.

व्याख्यानात अपघाताचं कुठलंही उदाहरण घेऊ नका. आणि त्या बाई येणार असतील तर फुलपाखराचा भाग त्यांना आधीच घरी ऐकवा, आणि त्यांना चालेल म्हणाल्या तर पहिला कॅल्क्युलेटर त्यांच्याच हातात द्या.